मीटरला तीन फूट

५ जानेवारी

ही डायरी सिमेंटच्या दुकानातून फुकट मिळालेली आहे. मिळाली अण्णांना, कारण अण्णा या वर्षी घर बांधणार आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पाया पक्का, तर घर पक्कं’ असं छापलंय. पुण्याच्या शिबिरातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, खेळाडूनं खरं खरं लिहून ठेवावं, म्हणजे चुका सापडतात. माझ्या चुका तशा फारशा नाहीत, त्यामुळं रोज लिहायला काही मिळेल असं वाटत नाही.

तर खरं खरं. नाव तनुजा. वय सव्वीस, उंची पाच फूट चार इंच, राहणार मुकुंदवाडी. व्यवसाय बीच व्हॉलीबॉल. परवा बँकेच्या फॉर्मवर हेच लिहिलं तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, “ताई, समुद्र कुठाय आपल्याकडं?” मी म्हटलं, साडेतीनशे किलोमीटरवर. त्यांनी खोडून ‘गृहिणी’ लिहिलं. माझं लग्नही झालेलं नाही.

डिसेंबरात अलिबागला राज्याच्या निवडीत मी आणि संध्या दुसऱ्या आलो. आता एप्रिलमध्ये गोव्याला देशभरातल्या जोड्यांची स्पर्धा आहे. पहिल्या आठ जोड्यांना वर्षभराचा करार मिळतो, म्हणजे पोटापाण्यासाठी दुसरं काही न करता नुसतं खेळायचं. पण सरावाला आमच्या शहरात वाळूचं मैदान नाही. आणि आज अण्णांनी आमच्या रिकाम्या प्लॉटवर घरासाठी तीन हायवा डंपर वाळू आणून टाकली, गोदावरीची, पिवळी. मी ढिगाभोवती चार चकरा मारल्या.

जेवताना विषय काढला. अण्णा म्हणाले, “वाळू घरासाठी हाय. अक्षय तृतीयेला पाया खोदायचा.”

आई म्हणाली, “तोवर काय शिळी व्हती का वाळू?”

शेवटी ठरलं ते असं. अक्षय तृतीयेपर्यंत प्लॉट आमचा. गोव्याला पहिल्या आठात आलो तर आणखी एक वर्ष आमचा. नाही आलो, तर त्या दिवशी पाया खोदणार आणि मी पुन्हा खेळाचं नाव काढायचं नाही. हे त्यांनी माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं.

८ जानेवारी

मैदान आखलं. नियमाप्रमाणे सोळा मीटर लांब, आठ मीटर रुंद. अण्णांचा टेप फुटांचा आहे आणि प्लॉट तीस बाय पन्नास. मीटरला तीन फूट, म्हणजे मैदान झालं अठ्ठेचाळीस बाय चोवीस. प्लॉटमध्ये बसून लांबीला वर दोन फूट शिल्लक. जागा जणू मैदानासाठीच घेतली होती.

संध्या म्हणाली, “मीटरला तीन फूट तीन इंच असतात. वर थोडे.”

संध्या क्रांती चौकातल्या पडद्यांच्या दुकानात दिवसभर कापड मोजते, त्यामुळं तिला इंचाइंचाची सवय लागली आहे. मी म्हटलं, “आपल्याला मैदान आखायचंय, पडदा नाही शिवायचा.” ती गप्प बसली. तिचा हा गुण मला आवडतो. पाच फूट दहा इंच उंची, जाळीवर हात वर केले की समोरच्याला आभाळ दिसत नाही, आणि दिवसभरात बोलते मोजून चार वाक्यं. जोडीत कुणीतरी डोकं चालवावं लागतं, ते मी चालवते. जाळीजवळचं सगळं तिचं, मागचं सगळं माझं. मागे येणारा चेंडू आत पडणार की बाहेर, हे ओळखून ओरडायचं कामही माझंच.

वाळू पसरल्यावर थर जेमतेम एक वीत भरला. सूर मारला की खालचा मुरूम गुडघ्याला लागतो. अलिबागला असा लागत नव्हता.

१५ जानेवारी

आज चेंडू भिंतीपलीकडं गेला, म्हणजे कडुबाकाकांच्या अंगणात. घरात जितका हलकल्लोळ व्हायचा तितका झाला.

अण्णा आणि कडुबाकाका दोघंही पाचोडचे, एका शाळेतले. चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात तीस वर्षं काढली, प्लॉटही एकाच दिवशी शेजारी शेजारी घेतले. अकरा वर्षांपूर्वी काकांनी घर बांधलं आणि आमच्या बाजूला भिंत घातली. अण्णांनी टेप लावला. भिंत आमच्यात नऊ इंच आत निघाली. काका म्हणाले, तुझा टेप ताणलेला आहे. त्या दिवसापासून बोलणं बंद. आई म्हणते, पाचोडचा माणूस पाचोड सोडतो, बांध सोडत नाही.

बंद म्हणजे थेट बंद. बोलायचं झालं तर अण्णा भिंतीला ऐकवतात आणि काका त्यांच्या कढीपत्त्याच्या झाडाला. आज काका झाडाला म्हणाले, “काही लोकांच्या पोरीला एवढी मोठी भिंत दिसंना.”

अण्णा भिंतीला म्हणाले, “भिंत जिथं पायजे तिथं असती, तर दिसली असती.”

चेंडू दहा मिनिटांनी परत आला, स्वच्छ पुसलेला. भामाकाकूंनी पुसला असणार, काकांकडून ही अपेक्षा नाही.

मी आजपासून नियम केला आहे. मागच्या दोरीपलीकडं जाणारा चेंडू सोडून द्यायचा. दोरीच्या मागे एक फुटावर भिंत आहे. मागे पळून डोकं फोडून घेण्यात शहाणपण नाही.

२ फेब्रुवारी

एक चमत्कार लिहून ठेवते. संध्याकाळी आम्ही वाळूत खड्डे खड्डे करून जातो आणि सकाळी सहाला यावं तर मैदान ताटासारखं सपाट. खडेसुद्धा वेचल्यासारखे गायब. रेल्वे लाइनमुळं मुकुंदवाडीला वारा चांगला लागतो, त्याचा हा परिणाम. शिवाय भिंतीकडची निम्मी वाळू ओली असते. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेव्हा कुणी मुद्दाम टाकत असेल हे शक्यच नाही. मी म्हटलं, दव पडत असेल.

संध्या म्हणाली, “निम्म्याच मैदानावर?”

भिंतीच्या आडोशाला जास्त पडतं, असं मी तिला समजावलं.

अण्णांची कंबर धरली आहे. या वयात एवढ्या पहाटे फिरायला जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत. फिरून येतात तर चपलांत वाळू असते. कुठं फिरतात कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

वाळूनं वेगळाच घोटाळा केला. प्लॉटवर वाळू पडली म्हणजे घर होणार, आणि एकुलत्या एका पोरीच्या बापाचं शहरात घर होणार म्हटल्यावर पाचोडपर्यंत बातमी जायला वेळ लागत नाही. आज पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं बघायच्या आधी वाळूकडं बघितलं. मूठभर घेतली, चोळली, फुंकर मारली. “माती नाय. कुठून आणली?” मग मुलाच्या आईनं विचारलं, किती खोल्या काढणार. मी सरावातून तशीच उठून आले होते, कानात वाळू होती. म्हटलं, “खोल्या नाहीत मावशी, मैदान आहे.”

मुलानं विचारलं, म्हणजे समुद्रावर खेळतात तो खेळ का? मी हो म्हटलं. त्यानं मोबाइलवर काहीतरी शोधलं, बघितलं, आणि आईला दिसू नये म्हणून मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. त्याच्या वडिलांना मात्र दिसलं. ते म्हणाले, “कपडे असले असतात का?”

अण्णा म्हणाले, “आमची पोरगी पूर्ण पायाची पँट घालून खेळती.” मग थोडं थांबून म्हणाले, “न् नाय घातली तरी चेंडू तेवढाच लांब जातो.”

पाहुणे पोहे खाऊन गेले, निरोप येणार नाही. अण्णा माझ्यावर चांगलेच रागावलेत. जेवताना एक शब्द बोलले नाहीत, नुसते मधूनमधून दोनदा हसले.

२१ मार्च

दहा वाजता वाळूत शेंगा भाजून निघतील असं ऊन आहे. पण माझी नजर आता तयार झाली. समोरच्या हातातून चेंडू सुटला की मी सांगते, आत की बाहेर. आज चाळीस चेंडूंत चाळीस बरोबर.

संध्या दोरीकडं बघत उभी राहिली. म्हणाली, “या दोरीच्या हिशोबानं बरोबर.”

आता दुसऱ्या कुठल्या दोरीचा हिशोब असणार? कधीकधी तिचं बोलणं मला कळत नाही.

३० मार्च

पाडवा. अण्णांनी मिस्त्रीला प्लॉट दाखवला. मिस्त्री म्हणाला, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी वाळू एका बाजूला ओढून घेऊ. अण्णा म्हणाले, “गोव्याचं होऊ दे आधी.” मिस्त्रीला वाटलं ते फिरायला चाललेत.

मॅडम म्हणाल्या होत्या खरं खरं लिही, म्हणून लिहिते. मला भीती वाटते. विद्यापीठाच्या संघात मला बुटकी म्हणून बाहेर बसवायचे. वाळूत आले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला ‘चांगली खेळतेस’ म्हणालं, आणि ते म्हणणारी संध्या होती, जी चारच वाक्यं बोलते. हे गेलं तर मी काय करणार ते मला माहीत नाही. अक्षय तृतीयेला महिना राहिला.

११ एप्रिल, गोवा

दोन सामने जिंकलो. इथली वाळू रव्यासारखी मऊ आहे, सूर मारला तर गुडघ्याला काहीच लागत नाही. संध्यानं जाळीवर अकरा चेंडू अडवले. माझं नजरेचं काम थोडं इकडंतिकडं झालं, मी सोडलेले चार चेंडू आत पडले. समुद्राच्या वाऱ्यानं चेंडू खाली दाबला जातो, त्याला आपण काय करणार.

उद्याचा सामना जिंकला की पहिले आठ. आईला फोन केला. सामने मोबाइलवर दिसतात हे सांगितलं. ती म्हणाली, अण्णांना असल्या गोष्टीत काडीचा रस नाही, ते सकाळपासून मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्यापाशीच बसलेत.

१२ एप्रिल, गोवा

हरलो.

तिसरा सेट. आम्ही तेरा, त्या चौदा. केरळच्या पोरीनं चेंडू मागे मारला, उंच, माझ्याच दिशेनं. मला सहज मिळाला असता. मी हात खाली घेतले आणि ओरडले, “सोड!” चेंडू रेषेच्या आत दीड फूट पडला. दीड फूट म्हणजे काही केसभर नव्हे. पंचानं हात आत दाखवला आणि सामना संपला.

मी वाऱ्याला शिव्या घातल्या. सगळे गेल्यावर संध्या मागच्या रेषेवर गेली आणि पावलाला पाऊल लावत जाळीपर्यंत चालली. मग परत रेषेपर्यंत चालली. मी विचारलं, काय करतेस.

“आपल्याकडं मी रोज मोजते. त्यापेक्षा हे सव्वादोन फुटांनी जास्त हाय. प्रत्येक बाजूला.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं व्हतं.”

मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, जानेवारीत. मी म्हटलं, शक्यच नाही. आत्ता डायरी चाळली. आठ जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. तीन फूट तीन इंच, वर थोडे. खाली ‘पाया पक्का, तर घर पक्कं’.

तीन महिने मी स्वतःला शिकवत होते की आतला चेंडू बाहेर असतो. चाळीसपैकी चाळीस. संध्यानं मला एक वाईट शब्द बोलायला हवा होता. तिनं मला नारळपाणी आणून दिलं.

१४ एप्रिल

सकाळी पोहोचलो. आज जयंती, संध्या घरी जाऊन पांढरी साडी नेसून क्रांती चौकात मिरवणुकीला गेली. दुपारी तिच्या आईनं मला खीर खायला बोलावलं आणि हरण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या घरीही कुणी काढला नाही. अण्णा फक्त म्हणाले, “जेव.”

२० एप्रिल

दोरी काढायला प्लॉटवर गेले, काढवली नाही, नुसती बसून राहिले. अण्णा मिस्त्रीची वाट बघत उभे होते. पलीकडून काका झाडाला म्हणाले, “शेवटचा चेंडू मारायला पायजे व्हता. आत व्हता की. रांगणाऱ्या लेकरालाबी दिसला असता. पण इथं एवढ्याशा जागेत खेळून नजर आखूड झाली पोरीची.”

एरवी अण्णांनी भिंतीला लगेच उत्तर दिलं असतं. आज त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दोरीकडं, मग भिंतीकडं बराच वेळ. मिस्त्री आला तर त्याला म्हणाले, “तीसला ये. आज नको.”

गोव्यातला चेंडू काकांना कसा दिसला हे एक कोडंच आहे. वाईट बातमी फार लवकर पसरते.

२४ एप्रिल

संध्या सांगत होती, अण्णा दुकानात आले होते. सोळा मीटरचा पडदा किती फूट होतो, असं विचारत होते. तिनं सांगितलं, साडेबावन्न. ते कागदावर लिहून घेऊन गेले. पडदा काही घेतला नाही.

म्हणजे घराचं सगळं ठरलं, पडद्यांपर्यंत. साडेबावन्न फुटांचा पडदा म्हणजे हॉल भलताच मोठा काढणार आहेत. मी त्यांच्याशी आज बोलले नाही. शब्द मी दिला होता हे खरं, पण इतकी घाई बरी नव्हे.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी जाणारच नव्हते. संध्या येऊन म्हणाली, “चल, दोरी आपण लावली, आपणच काढू.” प्लॉटवर अण्णा, आई आणि पहार घेऊन मिस्त्री. नारळ, हळदकुंकू, पोतंभर चुन्याची फक्की. दोरी अण्णांनी आधीच गुंडाळून ठेवली होती. हातात नवा टेप होता. त्यांनी मिस्त्रीला फाटकापाशी टेपचं टोक धरायला लावलं आणि स्वतः फक्की सोडत वाळूवरून भिंतीकडं निघाले. भिंतीपाशी थांबले. टेप बघितला, खिशातला कागद बघितला.

मग म्हणाले, “कडुबा.”

भिंतीला नव्हे. नाव घेऊन, मोठ्यानं. आईनं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं. पलीकडं बादली वाजली आणि भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं, तोंडात दातवण.

अण्णा म्हणाले, “सव्वातीन फूट जागा कमी पडती. उसनी पायजे. पुढल्या एप्रिलपर्यंत.”

काकांनी दातवण बाहेर काढलं. “घराला?”

“नाय. पोरीला.”

मला आधी कळलंच नाही. मी संध्याकडं बघितलं, तर ती फक्कीच्या रेघेकडं बघत हसत होती. ती रेघ पायाची नव्हती.

काका म्हणाले, “सव्वातीनमधले नऊ इंच तर तुझेच हायेत.”

“माझे असते तर मी अकरा वर्षं गप बसलो असतो का? टेप जुना व्हता. ताणलेला असंल.”

“टेप बरोबर व्हता. मीच दोरी सरकवली व्हती, बद्री. भिंत सरळ दिसंना म्हून.”

एवढी वर्षं ज्यावर भांडले, ते आता दोघांनाही नको होतं. शेवटी भामाकाकू आतून म्हणाल्या, “आधी पाडा. मोजायचं मागून बघा. च्या ठिवलाय.”

पाया खोदायला आलेल्या मिस्त्रीनं भिंत पाडली. अण्णा आणि काका विटा उचलून रचत होते, ‘माझी कंबर’, ‘माझा गुडघा’ करत. कढीपत्त्याच्या झाडाला मात्र कुणी हात लावायचा नाही असं काकांनी बजावलं, आणि मला म्हणाले, “मागं पळायला सगळं अंगण हाय. झाडाला तेवढं धडकू नको.”

भिंत गेली तेव्हा तिच्या मागे हिरवी नळी दिसली, काकांच्या बोअरपासून आलेली, तोंड आमच्या वाळूकडं वळवून दगडाखाली दाबलेली. मी काकांकडं बघितलं. ते म्हणाले, “वाळू लई उडती घरात. म्हून मारत व्हतो पाणी.” माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही. दव म्हणे.

सपाट मैदान मात्र वाऱ्यामुळंच होतं, हे माझं म्हणणं कायम आहे. वारा काही नळीतून येत नाही.

मी अण्णांना विचारलं, “आणि घर?” ते म्हणाले, “वाळू अजून मुरायचीय. मुरल्याशिवाय बांधकामाला चालत नाय.” वाळू मुरावी लागते हे मला माहीत नव्हतं. बांधकामातलं अण्णांना जास्त कळतं.

संध्यानं जुनी दोरी नव्या मापानं लावली. तीन ठिकाणी तुकडा जोडून, गाठ मारून तिला लांब करावी लागली. मग मी रस्त्यावर, फाटकाबाहेर जाऊन पहिली सर्व्हिस मारली, जितकी लांब जाईल तितकी. चेंडू पार मागे, जिथं सकाळपर्यंत भिंत होती तिथं पडला.

“आत,” अण्णा म्हणाले.

“बाहेर हाय, बद्री,” काका म्हणाले.

“डोळे तपासून घे, कडुबा. आत हाय.”

“तूच तपास. टेप आण.”

दोघं गुडघ्यांवर बसले, वाळूतली खूण शोधायला. टेप एकानं इकडून धरला, दुसऱ्यानं तिकडून, आणि तू ताणतोयस, तू ताणतोयस सुरू झालं. अकरा वर्षांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघून भांडत होते. काकूंनी चहा आणला, तो निवला, तरी उठेनात.

संध्या माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आत व्हता.”

मी म्हटलं, “माहीत आहे. थांब, त्यांचं होऊ दे.”